ठाणे ते सिंगापूर: विमानाचं अंतर, प्रवासाचा वेळ आणि घरातून निघायची वेळ कशी काढायची

माझे मेहुणे दोन मोठ्या बॅगा, गळ्यात उशी आणि हातात दशम्यांचा डबा घेऊन शनिवारी रात्री दहा वाजता मुंबई विमानतळाच्या टी-टूच्या, म्हणजे टर्मिनल दोनच्या, दारात उभे होते. तिकिटावर लिहिलं होतं: शनिवार १४, सुटण्याची वेळ ००:५०. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, परत पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "अंकल, ये तो कल रात को चली गयी." त्यांचं विमान वीस-एकवीस तासांपूर्वीच उडालं होतं.

तेव्हापासून सोसायटीत कुणीही परदेशी निघालं की त्याचं तिकीट मी मागून घेतो. बरीच तिकिटं पाहिली. चुका नेहमी त्याच चार-पाच असतात, आणि 'सिंगापूर म्हणजे साडेपाच तास' हे वाक्य त्या सगळ्यांच्या मुळाशी असतं. म्हणून मेहुण्यांच्याच तिकिटावर पूर्ण गणित मांडतो आहे. बँकॉक, दुबई, टोकियोला जाणाऱ्यांनी आकडे बदलावेत. क्रम बदलू नये.

मोजायला बसण्याआधी

तीन गोष्टी समोर ठेवा: तिकिटाची मूळ पीडीएफ, कोरा कागद आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

पीडीएफच हवी. एजंट किंवा भाचा जो स्क्रीनशॉट पाठवतो त्यात नेमका कडेचा भाग कापलेला असतो. टर्मिनलचा नंबर, मधला थांबा आणि वेळेच्या डोक्यावरचं बारीक '+१' हे सगळं त्या कडेलाच असतं. '+१' म्हणजे उतरण्याची वेळ दुसऱ्या दिवसाची आहे.

१. शहर नंतर, आधी विमानतळ

'ठाणे ते सिंगापूर विमान अंतर' असं शोधलं की एखादी साइट किलोमीटरचा नेमका आकडा देते. पण ठाण्यात विमानतळच नाही. नकाशावरचा ठाण्याचा ठिपका आणि सिंगापूरचा ठिपका यांच्यातली ती सरळ रेषा असते. प्रवास मोजायचा तर तिकिटावर छापलेला तीन अक्षरी कोड बघायचा.

हे आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालं आहे. सहारचा जुना विमानतळ म्हणजे बीओएम. नवी मुंबईचा म्हणजे एनएमआय; त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. शोधताना शहर 'मुंबई' टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येऊ शकतात. नेरूळ-खारघरवाल्याला त्या तीन अक्षरांनी तासभर वाचतो किंवा तासभर जातो. ठाण्याच्या माणसाला तर घरातून निघून डावीकडे वळायचं की उजवीकडे, इथूनच फरक.

पलीकडच्या शहरातही हेच बघा. सिंगापूरला चांगी, कोड एसआयएन, गोंधळ नाही. पण बँकॉकला सुवर्णभूमी (बीकेके) आणि डॉन म्युएंग (डीएमके) असे दोन आहेत. टोकियोला हानेदा शहराला लागून आणि नारिता साठ-एक किलोमीटर लांब. तिकीट थोडं स्वस्त म्हणून नारिता घेतलं, तर ते दीड तास तुमच्या प्रवासात धरा.

*तपासा: जाताना आणि येताना, दोन्ही वेळचे चारही कोड कागदावर लिहिले का? जाताना बीओएम आणि येताना एनएमआय असं तिकीटही निघू शकतं. गाडी सहारला लावून गेलात तर काय होईल याचा विचार करा.*

२. अंतर काढा, पण त्याला डोक्यावर बसवू नका

दोन विमानतळांमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर ताणून धरलेल्या दोऱ्याची लांबी. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर खरोखर दोरा लावून बघा. मुंबई-सिंगापूर दोरा दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात उतरतो, निकोबार बेटांवरून जातो आणि चांगीला पोचतो. लांबी सुमारे ३,९०० किलोमीटर.

मुंबईहून इतर काही अंतरं, ढोबळ मानाने: दुबई १,९००, बँकॉक ३,०००, टोकियो पावणेसात हजार.

इथे दोन चुका होतात. पहिली एककाची. काही साइट मैल दाखवतात, काही सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. सिंगापूरचे ३,९०० किलोमीटर म्हणजे साधे मैल २,४०० च्या वर आणि सागरी मैल २,१०० च्या आसपास. एकाने मला '२,१०० किलोमीटरच तर आहे, तीन तासांत जाईल' असं ठासून सांगितलं होतं.

दुसरी चूक म्हणजे विमान त्या दोऱ्यावरूनच जातं असं धरणं. विमानांना हवाईमार्ग ठरवून दिलेले असतात. पावसाळ्यात उपसागरावरच्या ढगांना वळसा घालावा लागतो आणि कधी अख्खं आकाशच बंद होतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं तेव्हा दोऱ्याची लांबी तेवढीच राहिली, पण उत्तर भारतातून पश्चिमेकडे आणि मध्य आशियाकडे जाणाऱ्या विमानांचे तास वाढले. सिंगापूरच्या वाटेला त्याची झळ नाही. ताश्कंद, अल्माटीचा बेत असेल तर मात्र जुन्या ब्लॉगवरचे तास वापरू नका.

३. अंतरावरून तास

मी वापरतो तो ठोकताळा असा: किलोमीटरला ८०० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा.

सिंगापूर: ३,९०० भागिले ८०० म्हणजे ४ तास ५३ मिनिटं. त्यात ४० मिळवले की ५ तास ३३ मिनिटं. बँकॉकचे याच हिशेबाने साडेचारच्या आत-बाहेर येतात, दुबईचे तीन.

विमान वर गेल्यावर साडेआठशे-नऊशेच्या वेगाने जातं, मग ८०० का? कारण चढताना आणि उतरताना ते हळू असतं. आणि चाळीस मिनिटं कशाची? तिकिटावरचा वेळ हवेतला नसतोच. विमान आपल्या जागेवरून मागे ढकललं जातं तेव्हा घड्याळ सुरू होतं आणि पलीकडे जाऊन थांबलं की बंद होतं. सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. रात्री रांगेत उभ्या विमानांच्या शेपट्या मोजत वीस मिनिटं बसणं हा 'साडेपाच तासां'चाच भाग आहे.

वाऱ्याचं एक सांगतो. आपल्या उत्तरेला, खूप उंचावर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. हिवाळ्यात तो अधिक जोरात असतो. टोकियोला जाताना तो पाठीशी असतो आणि येताना तोंडावर. त्यामुळे जाताना आठच्या आसपास तास लागतात आणि येताना साडेनऊ. सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे, तिथे हा फरक किरकोळ असतो.

*तपासा: ठोकताळा आणि तिकीट यांत थेट विमानासाठी पाऊण तासापेक्षा जास्त फरक आला तर (टोकियोसारखी लांब, वाऱ्याची वाट सोडून) तीनपैकी एक झालं आहे: मध्ये थांबा आहे, एकक चुकलं, किंवा पुढची पायरी चुकली.*

४. दोन घड्याळं एका घड्याळात आणा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. सुटण्याची मुंबईची, उतरण्याची सिंगापूरची. दोन्हींची थेट वजाबाकी केली की उत्तर चुकतं.

सिंगापूर, क्वालालंपूर, हाँगकाँग, बाली भारताच्या २ तास ३० मिनिटं पुढे. बँकॉक, हनोई, जकार्ता १ तास ३० मिनिटं पुढे. टोकियो, सोल ३ तास ३० मिनिटं पुढे. दुबई १ तास ३० मिनिटं मागे. ढाका अर्धा तास पुढे, ताश्कंद आणि मालदीव अर्धा तास मागे, कोलंबो आपल्याच बरोबर. काठमांडू फक्त १५ मिनिटं पुढे. या पंधरा मिनिटांनी भल्याभल्यांना फसवलं आहे. पूर्व आणि आग्नेय आशियात उन्हाळा-हिवाळ्याला घड्याळ बदलत नाहीत, म्हणून हे फरक बारा महिने तेच राहतात.

मेहुण्यांचं तिकीट: मुंबईहून ००:५०, सिंगापूरला ०९:००. नुसती वजाबाकी केली तर ८ तास १० मिनिटं. इथे लोक अडीच तास मिळवायचे की वजा करायचे यावर अडकतात आणि नाणं उडवल्यासारखं काहीतरी करतात. नियम पाठ करूच नका. उतरण्याची वेळ आधी भारतीय वेळेत लिहा. सिंगापूरचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेसहा. आता ००:५० ते ०६:३०, म्हणजे ५ तास ४० मिनिटं. ठोकताळ्याच्या ५:३३ ला हे जुळतं.

येताना सुद्धा हेच. सिंगापूरहून १९:४० ला सुटून मुंबईला २२:४० ला उतरणारं विमान दिसायला तीन तासांचं वाटतं. १९:४० म्हणजे आपले १७:१०. तिथून २२:४० म्हणजे साडेपाच तास.

५. तारीख: सगळ्यात महागडी चूक इथे होते

आपल्या बोलण्यात दिवस झोपेपर्यंत चालतो. 'शनिवारी रात्री साडेबाराला' म्हणजे आपल्या लेखी शनिवारचं जेवण उरकल्यावर. पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो. विमान कंपनीचा वार मात्र मध्यरात्री बारा वाजता बदलतो. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्र ते पहाट या पट्ट्यातच सुटतात, म्हणून ही चूक आपल्याकडे इतकी होते.

शनिवार १४, ००:५० म्हणजे शुक्रवारची रात्र. शुक्रवारी १३ तारखेला संध्याकाळी घर सोडायचं.

मी आता असं करतो: सुटण्याची वेळ ००:०० ते ०५:५९ मध्ये असली की कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकटीत लाल पेनने लिहितो. १३ च्या चौकटीत 'आज संध्याकाळी निघणे'. १४ च्या चौकटीत फक्त 'सिंगापूर, स. ९'. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही 'शुक्रवारी रात्री, म्हणजे तारखेने शनिवार उजाडला की' असं दोन्ही बाजूंनी लिहितो. वाचायला बावळट वाटतं, पण त्यानंतर कुणी चुकलेलं नाही.

एकदा तारीख पक्की झाली की तिच्यावर लटकलेल्या बाकीच्या तारखा लगेच लावून टाका:

ऑफिसची रजा. शुक्रवारची अर्धी तरी हवी. 'पूर्ण दिवस काम करून निघेन' म्हणणारा माणूस ठाण्याला घरी साडेआठला पोचतो आणि बॅग उचलून परत त्याच रस्त्याला लागतो.

हॉटेल. पोचायची तारीख १४ आणि खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनला मिळते. नऊला उतरून अकराला दारात गेलात तर लॉबीत बसावं लागेल. आईवडील बरोबर असतील तर १३ ची रात्रही घ्या. खर्च होतो, पण आल्याआल्या आडवं व्हायला मिळतं.

सिंगापूरचं आगमन कार्ड. हे ऑनलाइन भरायचं असतं आणि पोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत. १४ ला पोचणार म्हणजे १२ पासून. मोजायला पोचण्याची तारीख घ्यायची, निघण्याची नाही. हे फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती बंद करा, तुम्ही चुकीच्या जागी आहात. थायलंडचंही असंच कार्ड १ मे २०२५ पासून सुरू झालं आहे, तेही फुकट. आणि कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा आधीच काढावा लागतो.

प्रवास विमा. सुरुवात १३ पासून.

६. आता उलट मोजा

सुलट मोजणारा माणूस 'नऊला निघू, दहाला पोचू' असं म्हणतो आणि त्यावर विमान बसवतो. आपण विमानापासून घराकडे यायचं.

००:५० विमान सुटतं.
००:२५ च्या सुमारास बोर्डिंगचं दार बंद. टी-टूवर सुरक्षातपासणीपासून लांबचं गेट म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची चाल. गुडघे दुखणारं कुणी असेल तर वीस.
२३:३५ ते २३:५० च्या दरम्यान बॅगा घेणारं काउंटर बंद होतं. बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तासभर आधी बंद करतात, काही सव्वा तास. तुमच्या कंपनीचा आकडा तिकिटाच्या खालच्या बारीक अक्षरांत असतो. *हीच तुमची खरी अंतिम वेळ, ००:५० नव्हे. आणि बघा, ती १३ तारखेला आहे.*
२१:५० ला टी-टूच्या दारात. म्हणजे तीन तास आधी.

तीन तास जास्त वाटतात ना? मलाही वाटायचे. एकट्याने, हातातली एकच बॅग, ऑनलाइन चेक-इन झालेलं असेल तर अडीच चालतील. पण बॅगांची रांग, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा अशा तीन रांगा आहेत आणि रात्री दहा ते दोन या वेळात तिन्ही भरलेल्या असतात. चेहरा दाखवून आत जायची डिजीयात्रा सोय देशांतर्गत प्रवासासाठी आहे. तिच्या भरवशावर अर्धा तास कमी करू नका.

चौथी, न दिसणारी रांग म्हणजे बॅग उघडायला बोलावणं. आपल्या लोकांच्या बॅगेत सुकं खोबरं असतं. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते चालत नाही. मोठ्या बॅगेत टाकलेली पॉवर बँकही बाहेर काढायला लावतात. ती हातातल्या बॅगेतच हवी. लोणचं आणि तुपाची बरणी याच्या उलट: हातातल्या बॅगेतून काढून घेतात. मोठी बॅग रात्री अकराला काउंटरसमोर जमिनीवर उघडून साड्यांखालून खोबऱ्याच्या वाट्या शोधणाऱ्या काकू मी पाहिल्या आहेत. मागे रांग, पुढे बंद व्हायला आलेलं काउंटर. बॅगा घरीच भरा, घरीच तोला.

७. ठाणे किंवा नवी मुंबईहून टी-टू

इथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण साडेपाच तासांचं विमान वेळेत सुटतं आणि वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता घात करतो.

*ठाणे शहर (नौपाडा, पाचपाखाडी, वागळे).* तीन हात नाका, आनंदनगर नाका, पूर्व द्रुतगती मार्ग, विक्रोळीहून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता), पवई, मग पश्चिम द्रुतगतीला लागून सहारचा उन्नत रस्ता, तो थेट टी-टूला नेतो. मोकळा रस्ता असेल तर पाऊण तास, संध्याकाळी दीड. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या टोलनाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे तिथली रांग गेली. पवईची गेलेली नाही. ॲप कधी कधी मरोळच्या आतल्या रस्त्याने घालतं. किलोमीटर कमी दिसतात, पण शुक्रवारी संध्याकाळी साकीनाक्याच्या आसपास रिक्षांच्या मधे अडकलेली टॅक्सी मागेही येत नाही. मी ड्रायव्हरला आधीच सांगतो: उन्नत रस्त्यानेच.

*घोडबंदर रोड (मानपाडा ते कासारवडवली).* वरच्यात पाव ते अर्धा तास मिळवा. तीन हात नाक्यापर्यंत पोचणं हाच एक वेगळा प्रवास आहे. गायमुखवरून फाउंटन, काशिमीरामार्गे पश्चिम द्रुतगतीने जायचा मोह होतो. घाटात एक ट्रेलर बंद पडला की दोन्ही बाजू ठप्प. रात्री या रस्त्यावर अवजड गाड्यांचा राबता असतो. मी तो मार्ग विमानासाठी घेत नाही.

*नवी मुंबई.* वाशी, सानपाडा, नेरूळवाल्यांना वाशी खाडीपूल, मानखुर्द, मग सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता. ऐरोली-घणसोलीवाल्यांनी ऐरोली पुलाने मुलुंडला येऊन वरचाच रस्ता धरावा.

*लोकल आणि मेट्रो.* हातात एकच बॅग असेल तर हे गाडीपेक्षा भरवशाचं आहे. ठाण्याहून जलद लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, आणि तिथे खाली उतरून भुयारी मेट्रो ३ ने एकच स्टेशन, ज्याचं नावच सीएसएमआयए टी२ आहे. संध्याकाळी ठाण्याहून मुंबईकडे जाणारी लोकल त्या मानाने मोकळी असते. खरी परीक्षा घाटकोपरच्या पुलावर. अंधेरीकडून सुटलेली अख्खी गर्दी तुमच्या समोरून लोकलकडे धावत येते आणि तुम्ही चाकाची बॅग ओढत तिच्या उलट चाललेले असता. साडेसातच्या आधी किंवा नऊनंतर घाटकोपर गाठा. दोन मोठ्या बॅगा आणि वयस्कर माणसं असतील तर हा नाद सोडा.

मोजमाप घेण्याची पद्धत: आठवडाभर आधी त्याच वारी, त्याच वेळी नकाशाच्या ॲपवर घरून टी-टू टाकून लागणारा वेळ लिहून ठेवा. आज दुपारी अकराला बघितलेला '५२ मिनिटं' हा आकडा शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला काहीच कामाचा नाही. त्या आकड्यावर अर्धा तास चढवा. जुलै-ऑगस्टमध्ये आणि विसर्जनाच्या दिवशी एक तास. पाऊस जोराचा असेल तर लोकलचा बेत रद्द. कुर्ला-सायनला पाणी भरलं की ठाण्यापर्यंत गाड्या उभ्या.

मानपाड्याच्या मेहुण्यांसाठी: २१:५० ला दारात, रस्ता पावणेदोन तास, वरचा अर्धा तास. म्हणजे शुक्रवारी १९:३५ ला लिफ्टमध्ये.

*इशारा: टॅक्सी आधी ठरवून ठेवलेली असली तरी ती 'दहा मिनिटांत येतो' म्हणून रद्द होऊ शकते. दुसरी मिळेपर्यंतची पंधरा मिनिटं वरच्या अर्ध्या तासातूनच जातात, म्हणून तो अर्धा तास दुसऱ्या कशाला वापरू नका.*

८. उतरल्यानंतरचे तास

०९:०० ला विमान थांबतं. चालणं, इमिग्रेशन, बॅग मिळून पाऊण ते एक तास धरा. चांगीहून मेट्रोने शहरात यायचं तर तानाह मेराहला गाडी बदलावी लागते. लिटल इंडियासारख्या भागात हॉटेल असेल तर बॅगांसकट तासभर. म्हणजे हॉटेलच्या दारात अकरा.

आता अख्खं गणित भारतीय वेळेत: शुक्रवारी १९:३५ ला घर सोडलं, शनिवारी सिंगापूरच्या ११:०० ला, म्हणजे आपल्या ०८:३० ला पोचलो. १२ तास ५५ मिनिटं. त्यातलं विमान ५ तास ४० मिनिटं. आणि रात्रभरात झोप फार तर तीन तास, कारण जेवणाची ट्रॉली दीडला येते आणि दिवे लवकर लागतात. पहिल्या दिवशी दुपारचं तिकीट काढून ठेवलेलं कुठलंही ठिकाण मी रद्द करायला सांगतो.

९. मध्ये विमान बदलायचं असेल तर

कोलंबो, बँकॉक किंवा क्वालालंपूरहून जाणारं तिकीट स्वस्त मिळतं. तेव्हा दोन उड्डाणांचे तास मिळवून मधला थांबा विसरणं ही नेहमीची चूक. पहिली सुटण्याची आणि शेवटची उतरण्याची वेळ भारतीय वेळेत आणा, मधलं सगळं आपोआप आत येतं.

एकाच बुकिंगवर दोन्ही विमानं असतील तर दोन तासांचा थांबा पुरतो. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर हिशेब बदलतो. बॅग मध्ये उतरवून परत द्यावी लागते, त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं, म्हणजे तिथलाही व्हिसा बघावा लागतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही. अशा वेळी मी पाच तासांच्या खाली जात नाही.

घरच्या घरातही हाच सापळा आहे. नागपूरहून येणारी बहीण एनएमआयला उतरते आणि तिचं सिंगापूरचं विमान बीओएमहून असतं. मधे खाडी आणि मुंबईची वाहतूक. बीओएममध्येही टी-वन आणि टी-टू वेगळ्या जागी आहेत, चालत जायचं अंतर नाही.

१०. परतीचं

फोनच्या कॅलेंडरमध्ये परतीची वेळ इथे बसून हाताने टाकू नका. ठाण्यात बसून '१९:४० विमान' असं लिहिलंत की फोन ते भारतीय वेळेत धरतो, आणि सिंगापूरला पोचल्यावर तीच नोंद २२:१० दाखवतो. तुम्ही निवांत मुस्तफात खरेदी करत असता आणि विमान निघून जातं. टाकायचंच असेल तर नोंदीत टाइम झोन सिंगापूरचा निवडा, नाहीतर कागदावर लिहा.

२२:४० ला मुंबईत उतरून इमिग्रेशन आणि बॅगा होईपर्यंत बारा वाजायला येतात. तेव्हा मेट्रोचा भरवसा धरू नका, टॅक्सीच. घ्यायला कुणी येणार असेल तर त्याला उतरण्याची वेळ कळवा, सुटण्याची नव्हे, आणि वारासकट. विमान रात्री ०१:३० ला उतरणार असेल तर पुन्हा तोच घोळ, या वेळी गाडी घेऊन येणाऱ्याचा: 'रविवारी रात्री जागा राहा, सोमवार उजाडल्यावर दीड' असं लिहा. बाहेर यायला त्यापुढे तास लागतो. त्याने ठाण्याहून विमान उतरल्यावर निघालं तरी चालतं.